दुखत नाही म्हणून

अमरावतीलगतच्या माळरानावर १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन या महारोग्यांच्या वसाहतीची मुहूर्तमेढ रोवली, त्या काळी महारोगाची धास्ती वऱ्हाडच्या मनात इतकी खोल रुजलेली होती की रोग्यास गावकुसाबाहेर घालविणे हाच बहुतेक ठिकाणी त्या रोगावरील इलाज समजला जाई. आणि असे असूनही त्या रोगाचे जे पहिले चिन्ह, अंगावर उमटणारा तो फिकट, बधिर, टाचणी टोचली तरी न कळणारा चट्टा, त्याची दखल घेऊन आपण होऊन वैद्याच्या दारी जाणारा मनुष्य विरळाच आढळे. ज्याची एवढी धास्ती, त्याच्याच आगमनाविषयी एवढी बेफिकिरी, या विसंगतीचे कारण फार साधे होते. चट्टा दुखत नसे. शरीराच्या कारभारात वेदनेला आपण फिर्याद समजतो, आणि फिर्याद दाखल झाल्यावाचून तपास करावयाचा नाही हा आपला जुना शिरस्ता. तेव्हा जो चोर फिर्यादीचे तोंड बंद करूनच घरात शिरतो त्याचे फावले नाही तरच नवल. पुढे कुष्ठरोगाच्या सर्वेक्षकांनी घरोघर हिंडून, शाळांच्या आणि चावड्यांच्या भिंती रंगवून, न दुखणारा व न खाजणारा चट्टा असेल तर तो दाखवावा, ही एकच गोष्ट इतक्या वेळा लोकांच्या कानी घातली की आज वऱ्हाडातल्या शाळकरी पोरासही ती ठाऊक असते.

स्तनातील गाठीविषयी असा धडा मात्र अद्याप कोणी गिरवून घेतलेला नाही. दर्यापूरकडच्या असोत की बाळापूरकडच्या, खेड्यातील प्रौढ स्त्रियांशी या विषयावर बोलू लागले, आणि प्रथमचा संकोच ओसरून त्या मोकळ्या झाल्या, की जे वाक्य हमखास ऐकू येते ते असे : "दुखत त नाई काई, मंग डाक्टरले कायले दाखवू?" या प्रश्नातील तर्कपद्धती निर्दोष आहे. चूक आहे ती केवळ त्यामागच्या गृहीतात, की जे दुखत नाही ते घातक नसते; आणि हे गृहीत एकट्या निरक्षर स्त्रीचे आहे असेही कोणी समजू नये, कारण शहरातल्या शिक्षिका, कारकून आणि डॉक्टरांच्या भगिनीसुद्धा याच समजुतीच्या आधारावर महिनेच्या महिने निश्चिंत राहिलेल्या आढळतात. भारतीय स्त्रियांत आज जे कर्करोग होतात त्यांत स्तनाच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला आहे. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे एकट्या २०२२ सालात या देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. श्रीमंत देशांत या रोगाचे निदान झाल्यावर ५ वर्षे जगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण शेकडा ९० च्या वर आहे, आपल्याकडे ते शेकडा ६६ च्या आसपास भरते. रोग एकच, औषधेही बहुतांशी तीच. मग ही जी तफावत पडते तिचा मोठा हिस्सा रोगी वैद्यापर्यंत पोहोचण्याच्या आधीच्या काळात पडलेला असतो.

गंमत अशी की ज्यांना आपण जुने म्हणतो त्यांना ही गोष्ट चांगली अवगत होती. सुश्रुताने निदानस्थानात अर्बुदाचे जे वर्णन केले आहे त्यात ते वाटोळे, स्थिर, खोल मूळ धरणारे, सावकाश वाढणारे, न पिकणारे आणि मंद वेदनेचे असते असे म्हटले आहे. आणि स्तनरोगांचा विचार त्याच स्थानात अगदी शेजारच्या अध्यायात येतो. मंद वेदना हे लक्षण म्हणून नोंदविणाऱ्या त्या शल्यविदाचे निरीक्षण आधुनिक विकृतिशास्त्राशी तंतोतंत जुळते. दुधाच्या गाठीने स्तन तडतडतो, बाळंतिणीच्या स्तनात गळू झाले तर ती रात्रभर कण्हते, याचे कारण तेथे दाह असतो, सूज झपाट्याने येते आणि ताणलेल्या मज्जातंतूंना ती तत्काळ जाणवते. उलट कर्करोगाची पेशी दुग्धनलिकेच्या आतल्या अस्तरात एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशी निमूटपणे वाढत असते, आणि असे सुमारे ३० वेळा दुप्पट झाल्यावर, म्हणजे पेशींची संख्या १०० कोटींच्या घरात गेल्यावर, कोठे ती एक सेंटिमीटरची, हाताला लागेल न लागेल अशी गाठ होते. तेवढ्या काळात ना ताप येतो, ना भूक मंदावते, ना निंदण-खुरपणात खंड पडतो. मासिक पाळीच्या आधी दोन्ही स्तनांत जो ठणका अनेकींना जाणवतो तो संप्रेरकांच्या भरती-ओहोटीचा परिणाम असून कर्करोगाशी त्याचा संबंध नसतो, असे असता त्या ठणक्याने घाबरून स्त्रिया दवाखान्यात येतात. आणि जिने खरोखर यावयास हवे ती, काही दुखत नाही म्हणून, घरी राहते. अर्थात दुखणारी गाठ तेवढ्यावरूनच निर्धोक, असा उलटा सिद्धांतही कोणी काढू नये. क्वचित् कर्करोगाची गाठही दुखते. गाठ मग ती कशीही असो, दाखवावयाची.

ज्यास आपण एक सलग अवयव समजतो तो स्तन वस्तुतः १५ ते २० खंडांचा बनलेला असतो; प्रत्येक खंडात दूध निर्माण करणाऱ्या सूक्ष्म पिंडिका, त्यांपासून निघून स्तनाग्राकडे जाणाऱ्या नलिका, मधली सगळी पोकळी भरून काढणारी चरबी, आणि या साऱ्याला त्वचेशी व छातीच्या स्नायूंशी बांधून ठेवणारे तंतू. त्यामुळे निरोगी स्तनही चाचपला असता लोण्यासारखा एकजीव लागत नाही. भिजवलेल्या हरभऱ्याची पुरचुंडी फडक्यावरून चाचपावी तसा तो कमीअधिक गुठळीदार लागतो, आणि हे ठाऊक नसलेली स्त्री प्रथमच स्वतःचा स्तन तपासून पाहते तेव्हा तिला सगळाच गाठींचा वाटून ती हबकते. या अवयवाचा एक शेपटासारखा भाग वर बाहेरच्या बाजूने काखेकडे गेलेला असतो, याच वरच्या-बाहेरच्या चतुर्थांशात ग्रंथींचा साठा सर्वांत अधिक असतो, आणि जवळजवळ निम्मे कर्करोग याच हद्दीत उद्भवतात. म्हणूनच तपासणी काखेत जाऊन संपली पाहिजे, आणि वर गळ्याच्या हाडापर्यंत व खाली स्तनाच्या घडीपर्यंत पोहोचली पाहिजे. ती बोटांच्या टोकांनी करावयाची नसते, मधल्या तीन बोटांच्या टोकांखालचा जो मांसल भाग त्याने करावयाची असते, एकाच जागी प्रथम हलका, मग मध्यम आणि शेवटी फासळीपर्यंत पोहोचणारा दाब देऊन. कारण त्वचेलगतची गाठ जोराच्या दाबाखाली सटकते आणि खोलवरची गाठ हलक्या दाबाला लागतच नाही.

इतके कौशल्य खेड्यातल्या बाईला कोठून येणार, असा प्रश्न शहरी वाचकास पडेल. त्याने एकदा दिवाळीच्या सुमारास, सीतादही होऊन वेचणी सुरू झाली म्हणजे, अकोट किंवा दर्यापूरच्या शिवारात जावे. बोलता बोलता, न पाहता, एका हाताच्या बोटांनी बोंडातला कापूस ओढून घेत असतानाच त्यातली पत्ती आणि कवडी वेगळी काढणारी ती बोटे आहेत. सरकीचा दाणा कापसात कोठे आहे हे त्यांना डोळ्यांनी पाहावे लागत नाही. वैद्यकशास्त्र गाठीची प्रतवारी सेंटिमीटरने करते आणि २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीस पहिल्या प्रतीत व ५ पर्यंतच्या गाठीस दुसऱ्या प्रतीत घालते. पण घरात तोलूनमापून सांगावयाचे तर सरकीएवढी, हरभऱ्याएवढी, बोराएवढी आणि लिंबाएवढी हे माप अधिक उपयोगी पडेल. बोरापर्यंत असताना आलेल्या स्त्रीचे आणि लिंबू ओलांडून आलेल्या स्त्रीचे भवितव्य यांत जे अंतर असते ते कोणत्याही औषधाने पुरतेपणी भरून निघत नाही.

हाताला लागण्याजोग्या गाठीखेरीज डोळ्यांनी दिसणारीही काही लक्षणे आहेत, आणि त्यांतले एक तर वरुड-मोर्शीच्या बागाईतदाराला समजावून सांगण्याची गरज पडू नये. पाश्चात्त्य वैद्यांनी त्यास संत्र्याच्या सालीचे नाव दिले आहे. त्वचेखालून लसिका वाहून नेणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या कर्कपेशींनी तुंबल्या की वरची त्वचा फुगते. पण केसांची मुळे व घामाची छिद्रे खाली तंतूंनी जखडलेली असल्याने त्या जागी ती फुगू शकत नाही आणि तेवढे तेवढे खळगे पडून त्वचा अगदी संत्र्याच्या सालीगत दिसू लागते. याच जखडण्यामुळे कोठे नवा खळगा पडतो, कोठे पूर्वी सरळ असलेले स्तनाग्र आत ओढले जाते. जन्मापासून आत असलेले स्तनाग्र ही गोष्ट निराळी. बदल नवा आहे काय, एवढेच पाहावयाचे. एकाच बाजूच्या स्तनाग्रातून आपोआप येणारा रक्ताळ स्राव, स्तनाग्रावरील मलमांना दाद न देणारी खरूज, काखेतली टणक गाठ, आणि अंगावर पिणारे मूल नसताना एकाएकी लाल, उष्ण आणि जड झालेला स्तन, ही चिन्हेही अशीच. शेवटचे चिन्ह विशेष फसवे असते, कारण साधी सूज समजून त्यावर आठ-पंधरा दिवस औषध घेण्यात मोलाचा वेळ जातो.

येथे एक गोष्ट ठासून सांगणे प्राप्त आहे, ती ही की स्तनात सापडणाऱ्या बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. विशीतल्या मुलीच्या स्तनात बोटाखालून उंदरासारखी सुळकन् निसटणारी गोल गाठ बहुधा तंतुग्रंथींची निरुपद्रवी गाठ निघते. चाळिशीच्या आसपास पाण्याने भरलेल्या पुटकुळ्या होतात. आणि केवळ पाळीच्या चक्राने येणारा-जाणारा गाठाळपणा तर फारच सामान्य आहे. वय वाढत जाते तसतशी मात्र ही निश्चिंती कमी करीत न्यावी लागते. गाठ कोणत्या जातीची हे ठरविण्यास वैद्य तीन साक्षी घेतात : हाताची, क्ष-किरण किंवा ध्वनिलहरींच्या चित्राची, आणि सुईने काढलेल्या तुकड्याची, तिन्ही जबान्या जुळल्या तरच निकाल, एकीत जरी विसंगती निघाली तरी फेरतपास. या तिसऱ्या साक्षीविषयी आपल्याकडे एक हट्टी गैरसमज आहे, की सुई लावली म्हणजे दबलेला रोग उठतो आणि अंगभर पसरतो. सुई लावल्यावर सहा महिन्यांत बाई गेली, अशी हकीकत सांगणारा मनुष्य खोटे बोलत नसतो. तो एवढेच सांगावयाचे विसरतो की सुई लावली तेव्हाच गाठ लिंबाहून मोठी होती आणि काख भरलेली होती. पंचनामा झाला म्हणून घर जळाले, असे म्हणण्यापैकी हे आहे.

आता चाळणी परीक्षेकडे वळू. ज्यांना काहीच तक्रार नाही अशा शेकडो स्त्रियांना तपासून त्यांतून संशयित तेवढ्या बाजूस काढावयाच्या, हे काम धान्य चाळण्यासारखेच आहे, आणि चाळणीचे गुणदोषही त्यास चिकटलेले आहेत; छिद्रे मोठी ठेवावीत तर खडे निसटतात, बारीक ठेवावीत तर चांगले दाणेही वर राहतात. स्तनाचे क्ष-किरण चित्र, ज्यास मॅमोग्राफी म्हणतात, त्याचा पाया बर्लिनचे शल्यविशारद सालोमन यांनी १९१३ साली शस्त्रक्रियेने काढलेल्या स्तनांची चित्रे घेऊन घातला. १९६० नंतर अमेरिकेत त्याच्या पद्धतशीर चाचण्या झाल्या आणि पाश्चात्त्य देशांत ठरावीक वयानंतर प्रत्येक स्त्रीचे असे चित्र काढण्याची वहिवाट पडली. हे यंत्र चुन्याच्या कणांइतके सूक्ष्म बदल दाखविते, पण पन्नाशीच्या आतील स्त्रीचा स्तन ग्रंथींनी दाट असल्याने चित्रात तो पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते. धुक्यात कापूस शोधण्यासारखी गत होते. आपल्या देशात तर हा रोग पाश्चात्त्य स्त्रियांहून सुमारे एक दशक आधीच्या वयात आढळतो. याचे काही अंशी कारण आपली लोकसंख्याच तरुण आहे हे असले, तरी दवाखान्यातल्या वैद्यापुढे येणारी स्त्री त्यामुळे पंचेचाळिशीचीच राहते. शिवाय प्रत्येक तालुक्यास असे यंत्र, ते चालविणारा तंत्रज्ञ आणि त्याची चित्रे वाचणारा जाणकार पुरविण्याइतकी आपल्या आरोग्यखात्याची थैली भरलेली नाही.

मग स्वतःच्या हातांनी दरमहा तपासावे, हा सल्ला गेली कित्येक वर्षे सर्वत्र दिला गेला, आणि तो पारखण्याचा सर्वांत मोठा प्रयोग, योगायोग पाहा, कापसाच्याच धंद्यातल्या स्त्रियांवर झाला. शांघायच्या कापडउद्योगातील अडीच लाखांहून अधिक कामगार स्त्रियांपैकी निम्म्यांना स्वपरीक्षणाचे काळजीपूर्वक शिक्षण देण्यात आले; पण २००२ साली अंतिम निष्कर्ष आले तेव्हा दोन्ही गटांतील मृत्यूंत फरक पडलेला नव्हता, निरुपद्रवी गाठींसाठी काढलेले तुकडे मात्र शिक्षित गटात वाढले होते. यामुळे स्वपरीक्षणाचे कर्मकांड तेवढे आता मागे पडले आहे. आपला स्तन एरवी कसा असतो याची ओळख ठेवावी आणि त्यात नवे काही आढळले तर तत्काळ दाखवावे, असे आता सांगितले जाते. ज्यांना ही ओळख ठेवण्यास दिवस हवा त्यांनी पाळी सुरू झाल्यापासून आठवडा-दहा दिवसांनंतरचा धरावा, कारण त्या वेळी स्तन सर्वांत मऊ असतो. आणि पाळी गेलेल्यांनी संकष्टी धरली तरी वैद्यकशास्त्राची काही हरकत नाही.

या दोन टोकांमध्ये जो मार्ग निघाला तो मुंबईत, परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात निघाला, आणि मराठी वाचकाला त्याची माहिती असावयास हवी तितकी नाही. १९४१ साली सुरू झालेल्या या संस्थेतील डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून थोड्या अधिक स्त्रियांचे वस्तीवार दोन विभाग केले. एका विभागात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर २ वर्षांनी, अशा ४ फेऱ्यांत, केवळ हाताने स्तन तपासले, दुसऱ्यात रोगाविषयी माहिती तेवढी दिली. यंत्र नाही, डॉक्टरही नाही. शिकवून तयार केलेल्या स्त्रियांची बोटे. जवळजवळ २० वर्षे या स्त्रियांचा मागोवा घेतल्यानंतर २०२१ साली जो अहवाल प्रसिद्ध झाला त्यात तपासलेल्या विभागात रोग अधिक प्राथमिक अवस्थेत सापडला असे दिसले, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे शेकडा ३० नी घटले. पन्नाशीच्या आत मृत्यूंत अशी घट दिसली नाही, आणि सर्व वयांचा एकत्र हिशेब केला तर जी शेकडा १५ ची घट भरली ती संख्याशास्त्राच्या कसोटीस पुरेशी उतरली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही माझ्या मते वऱ्हाडाच्या दृष्टीने अलीकडच्या काळात या विषयावर निघालेला हा सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. कारण तो आपल्याला परवडेल अशा साधनाविषयी बोलतो. त्याच्याही आधी बार्शीस १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा गावोगाव फिरून नोंदी घेणाऱ्या लोकांनी रोगाविषयी चार शब्द बोलण्यास प्रारंभ करताच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या होत्या. दप्तर भरावयास गेलेल्या माणसाच्या बोलण्यानेही गुण येतो तो असा.

आणि तपासणारी स्त्री असावी, हे तत्त्व तरी नवे कोठे आहे? अमरावतीत जिल्हा स्त्री रुग्णालयाचा पत्ता विचारला तर रिक्षावाला क्षणभर विचारात पडेल, पण डफरीन म्हणताच गाडी वळवील. अकोल्यात तेच काम लेडी हार्डिंग या नावाने होते. व्हाइसरॉयांच्या पत्नींची ही नावे राज्य गेले तरी लोकांच्या जिभेवर राहिली. १८८५ साली लेडी डफरीन यांच्या नावाने जो निधी उभारला गेला त्याचा उद्देशच, पुरुष वैद्यास अंग दाखविण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या हिंदी स्त्रियांना स्त्री वैद्यांची मदत मिळावी, हा होता. त्यामागचे राजकारण काहीही असो, संकोच हे रोगाचे एक कारण आहे एवढे त्या लोकांनी ओळखले होते. आज सरकारी योजनेप्रमाणे ३० वर्षांवरील प्रत्येक स्त्रीचा स्तन दर ५ वर्षांनी प्रशिक्षित हाताने तपासला जावा, असा दंडक आहे. आशाताई घरी येऊन एक तक्ता भरते, त्यात स्तनात गाठ आहे काय असाही प्रश्न असतो. परंतु हा प्रश्न ओसरीवर, सासरा खाटेवर बसलेला असताना आणि धाकटा दीर ये-जा करीत असताना विचारला गेला, तर त्याचे उत्तर नाही असेच मिळणार आणि तक्त्यात तसेच नोंदले जाणार. आरोग्यखात्याने पुष्कळ उपकेंद्रांना रंग दिला, पाट्या बदलल्या. त्याच खर्चात तपासणीच्या खोलीला आतून कडी आणि खिडकीला एक धड पडदा मिळाला, तर त्या तक्त्यांतले आकडे अधिक विश्वसनीय होतील असे वाटते.

गाठ सापडल्यानंतरचा प्रवास हा स्वतंत्र विषय आहे. पहिल्या लक्षणाने वैद्याकडे गेल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान पुरे व्हावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने ठरविले आहे. ६० दिवस म्हणजे कपाशीच्या तीनएक वेचण्या. आणि घरची वेचणी सोडून, मजुरी बुडवून, आधी तालुक्याला, मग अमरावतीच्या इर्विन रुग्णालयाला, मग तेथून सांगतील तेथे जावयाचे, हे धारणी-चिखलदऱ्याकडच्या स्त्रीला किती जड पडत असेल याची कल्पना करावी. पैशाची अडचण पूर्वीइतकी बिकट उरलेली नाही. २०१२ साली राज्याने जी जीवनदायी योजना काढली तिच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावतीचा समावेश होता, आणि पुढे महात्मा फुल्यांचे नाव मिळालेल्या त्याच योजनेतून कर्करोगाची शस्त्रक्रिया, औषधे आणि किरणोपचार यांचा खर्च मिळतो. खर्चाच्या यादीत न बसणारे जे, सोबतीला कोण येणार, मागे म्हैस कोण पिळणार, ते मात्र तसेच राहते. वऱ्हाडी रोगी जवळ म्हणून अकोल्यास वा नागपूरला जातो, आणि धीर सुटला की बडनेऱ्याहून मुंबईची गाडी धरतो. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे, ज्यांचा देह १९६८ साली गुरुकुंज मोझरीस याच जातीच्या रोगाने पडला. आणि मुंबईत टाटा रुग्णालयात गेलेल्या दूरदूरच्या कर्करोग्यांना जेथे आसरा मिळतो त्या दादरच्या धर्मशाळेस शेंडगावच्या गाडगेबाबांचे नाव आहे. अमरावती जिल्ह्याची ही दोन माणसे अशी पूर्वेस आणि पश्चिमेस, या रस्त्याच्या दोन्ही टोकांना उभी आहेत.

उपचाराच्या धास्तीनेही पुष्कळजणी गाठ लपवितात. स्तन कापून टाकतील, ही ती धास्ती. एके काळी ती खरी होती. अमेरिकेतील हॉल्स्टेड यांनी १८८० नंतर रूढ केलेली शस्त्रक्रिया स्तनासह छातीचे स्नायूही काढून टाकी, आणि जितके अधिक कापावे तितका रोग मुळासकट जाईल या समजुतीने ती जवळजवळ पाऊण शतक चालली. इटलीचे वेरोनेसी आणि अमेरिकेचे फिशर यांनी काटेकोर तुलना करून दाखविले की गाठ लहान असताना तेवढाच भाग काढून पुढे किरणोपचार दिले, तर आयुर्मानात काही उणे येत नाही. म्हणजे सरकी-हरभऱ्याच्या मापात आलेल्या स्त्रीचा केवळ जीवच वाचत नाही, स्तनही बहुधा वाचतो. मात्र किरणोपचार काही आठवडे रोजच्या रोज घ्यावे लागतात, आणि यंत्र जिच्या गावापासून दीडदोनशे किलोमीटरवर आहे ती स्त्री, परवडत नाही म्हणून, सबंध स्तन काढून टाकण्यास संमती देते. याला वैद्यकीय निर्णय म्हणावे की मुलकी, हे सांगणे कठीण आहे.

कारणांविषयी थोडक्यात. पोलक्यात पैशाची पुरचुंडी किंवा मोबाइल ठेवल्याने, पाजताना मुलाचे डोके लागल्याने, किंवा कोणाची दृष्ट लागल्याने हा रोग होत नाही. तो एकीपासून दुसरीला लागत नाही, त्यामुळे रोगी स्त्रीची भांडी वेगळी ठेवण्याचे काही कारण नाही. पाळी लवकर येणे व उशिरा जाणे, मूल न होणे वा उशिरा होणे, पाळी गेल्यानंतरचे स्थूलत्व आणि मद्यपान यांनी संभव वाढतो. अंगावर पाजण्याने कमी होतो, दर १२ महिन्यांच्या पाजण्यामागे शेकडा ४ हून किंचित अधिक, असा ३० देशांतील पाहण्यांचा एकत्रित हिशेब २००२ साली निघाला आहे. आई, मावशी, बहीण यांपैकी कोणाला तरुणपणी हा रोग झाला असल्यास रक्तातून आलेल्या दोषाचा विचार करावा लागतो, पण अशी उदाहरणे शंभरांत पाचदहाच; तेव्हा आमच्या घराण्यात कोणाला नाही, हा दाखला फारसा कामाचा नाही. आणि शंभरांत एखादा रोगी पुरुषही असतो, जो बाईच्या रोगाने आपल्याला कसे गाठले या शरमेपोटी तिच्याहूनही उशिरा येतो.

दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची तपासणी असते. त्या दिवशी अमरावती-अकोल्याकडच्या कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन पाहावे. आत सुनेचे वजन होते, रक्तदाब पाहिला जातो, पोटावर हात ठेवून बाळाची स्थिती तपासली जाते, आणि हे सर्व करणारी परिचारिका, पडदा, खाट, धुतलेले हात, सारे काही तेथे तयार असते. सुनेबरोबर आलेली सासू बाहेरच्या बाकावर बसलेली असते. तिचे वय पन्नास-बावन्न, म्हणजे मुंबईच्या त्या पाहणीत ज्यांना सर्वांत अधिक लाभ झाला नेमके ते. तास-दीड तास तिला काही काम नसते. सुनेची पिशवी मांडीवर धरून, भिंतीवरचे कुष्ठरोगाचे चित्र पाहत ती बसून राहते, आणि मग दोघी मिळून दुपारच्या एस.टी.ने घरी जातात.